मशीनला तेल, मला पाणी

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानाच्या खिडकीत उभं असलेलं कुंडीतलं शेराचं झाड ते मीच. गिऱ्हाईकं मला वाळक्या काड्या म्हणतात. म्हणोत बापडी. माझी पानं तिळाएवढी आणि तीही लगेच गळतात. अन्न तयार करतात त्या माझ्या हिरव्या फांद्या. पाणी मी अंगातच साठवून ठेवतो. कुठे ओरखडा पडला की पांढरा चीक गळतो, आणि तो डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो.

शिंप्याच्या थोरल्या बहिणीने आपल्या झाडाची फांदी भावाला दिली, तोच मी. शिंपी ज्या दिवशी मशीनला तेल द्यायचा, त्याच दिवशी मला पाणी. एरवी ढुंकूनही बघायचा नाही. आमचं छान चाललं होतं.

मग शिंपी वारला. बहीण म्हणाली, "वहिनी, झाड मी नेते. भावाची आठवण आहे."

"माझीही आहे," वहिनी म्हणाली. झालं, दोघींचा अबोला सुरू.

दुकान वहिनी चालवू लागली. रोज सकाळी इस्त्रीत पाणी भरायची आणि उरलेलं मला घालायची. वर हळूच म्हणायची, "घ्या." पोट भरलंय हे तिला कसं सांगणार? माझी मुळं कुजली, बुंधा पिकल्या केळ्यासारखा मऊ पडला. ती घाबरून आणखीच पाणी घालू लागली. शेवटी मान खाली घालून नणंदेला बोलावून आणलं.

नणंदेने बुंधा दाबून पाहिला. "खालचं गेलं. वरची धड फांदी काप."

वहिनीने कापली. चीक दोन्ही हातांवर ओघळला आणि तिला रडू फुटलं. "वन्सं, मीच मारलं हो याला." ती डोळे पुसणार, तोच नणंदेने तिची मनगटं धरली.

"डोळ्यांना हात लावू नकोस."

मग स्वतःच्या रुमालाने तिचे डोळे पुसले. बराच वेळ पुसत होती. स्वतःचे पुसायचे राहूनच गेले.

ती कापलेली फांदी म्हणजे आताचा मी. फळीवर कोरडाच पडून राहिलो, ना माती, ना पाणी.

"असं उपाशी ठेवायचं?" वहिनीचा जीव खालीवर.

"जखम सुकू दे आधी," नणंद म्हणाली. ती रोज मला बघायला यायची आणि चहा घेऊन जायची. खपली धरली, तेव्हा कुठे मला कुंडीत लावलं.

मित्रांनो, माया जरूर करा, पण समोरच्याला काय सोसतं तेही बघा.

काल माझ्या टोकाला नवं पान फुटलं. वहिनीने इस्त्रीचं उरलेलं पाणी उचललं, मशीनकडे पाहिलं. तेल द्यायला अजून अवकाश होता. तिने भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "थांबा जरा."