पडद्यावरचा ढब्बू

ताई जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायची. बारा वर्षं कुत्र्या-मांजरांत काढल्यामुळे टीव्हीवर एखादं कुत्रं दिसलं की तिच्या तोंडाला कुलूप राहत नसे.

"हा हसत नाहीये, धापा टाकतोय. बाईच्या मुठीत खाऊ आहे बघा, म्हणून एवढं प्रेम उतू चाललंय."

"अगं, खून कोणी केला ते तर कळू दे!" नवरा वैतागायचा.

एकदा जेवताना त्यानेच मोबाइल तिच्यापुढे धरला. "ही आपली छोटीच ना?"

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. लहानपणी गल्लीत कुत्रं दिसलं की ताईच्या पाठीमागे लपणारी. आता ती मागच्या अंगणात ऐटीत उभी होती आणि समोरून ढब्बू कुत्रा तोंडात कच्चं अंडं धरून येत होता. "थांब," छोटी म्हणाली. ढब्बू जागच्या जागी थांबला. तिने अंडं काढून घेतलं. साधा तडासुद्धा नव्हता.

ताईचा घास तोंडातच फिरत राहिला. ढब्बू तिचा होता. गटारातून काढलेलं मुठीएवढं पिल्लू तिनेच बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. सात महिन्यांनी नवऱ्याचा दमा फारच बळावला, डॉक्टरांनी घरात केस नकोत म्हणून बजावलं, आणि तिने रडत रडत ढब्बूला छोटीकडे सोडलं. पहिले काही आठवडे ती भेटायला जायची. परत निघताना तो दाराशी आक्रोश करायचा. मग तिने जाणंच बंद केलं.

तो व्हिडिओ तिने अकरा वेळा पाहिला. पट्टा आवळलाय का? रोडावलाय का? छोटीचा हात वर गेला की अंग चोरतो का? काहीच सापडेना. अंगावर तुकतुकी होती, शेपूट सैल हलत होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, "तुमच्या हातात जादू आहे." ताईने फोन पालथा घातला. जादू म्हणे! हिला साधी गोचीड काढता येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात छोटीचा फोन आला. "ताई, रविवारी चॅनलवाले येणारेत शूटिंगला. तू ये ना. किती महिने झाले!"

ताई गेली. अंगणात दोन कॅमेरे, वायरींचं जाळं, खुर्चीत मुलाखत घेणारी बाई. ताईला कॅमेऱ्यामागे उभं केलं होतं. ढब्बू छोटीच्या पायाशी बसला होता. वारा उलट्या दिशेचा असावा, त्याला ताईचा वास लागला नव्हता.

"हा तुमच्याकडे आला तेव्हा कसा होता?" बाईने विचारलं.

"अगदी कोरा," छोटी हसून म्हणाली. "सगळं मीच शिकवलं याला."

शीळ चुकून गेली, असं ताईने नंतर नवऱ्याला सांगितलं. पण तसं नव्हतं. तिने आधी ओठ ओले केले होते. दोन आखूड, एक लांब. दुधाची वेळ झाली की ती हीच शीळ घालायची.

ढब्बू ताडकन उठला. "थांब," छोटी म्हणाली. तो निम्म्या अंगणात येऊन थांबला. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. एक पाय उचललेला तसाच राहिला आणि तो थरथरू लागला. मग पोट जमिनीला टेकवून तिथेच बसला आणि त्याला शू झाली.

कोणीतरी हसलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छोटी चालत तिच्यापाशी आली. "तू घातलीस ना?"

"हो."

"का?"

"कोरा म्हणालीस म्हणून."

छोटीचा चेहरा उतरला, पण आवाज करडाच राहिला. "ते चुकलंच माझं. पण त्याला का छळलंस? शूटिंग होईपर्यंत बाहेर बस."

ताई तासभर फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून राहिली. आतून छोटीचा आवाज येत होता. "याला माझ्या ताईने जगवलं," असं ती सांगत होती. ते ऐकूनही ताईच्या मनातली आग काही विझली नाही.

चॅनलवाल्यांची गाडी गेल्यावर छोटीने फाटक उघडलं. ढब्बू बाहेर आला, ताईला हुंगलं, मग सगळं अंग हलवत तिच्या कुशीत घुसला. तोंड, कान, मान, जिथे मिळेल तिथे चाटू लागला. ताईने वर पाहिलं. छोटी पट्टा हातात घेऊन एकटीच उभी होती, ओठ घट्ट मिटून, दुसरीकडे बघत.

ताईला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"ती अंड्याची गंमत," ती जरा सरकून जागा करत म्हणाली, "कशी शिकवलीस गं?"

छोटीने पट्टा फाटकाला अडकवला. मग पायरीवर येऊन बसली.

"आधी उकडलेली दिली," ती म्हणाली. "त्यातली चाळीस तरी खाल्ली मेल्याने."