ठिगळीचं माप

शिंप्याच्या दुकानात वाढलेल्या कुत्रीचं नाव ठिगळी ठेवलं, यात नवल ते काय! मेंढ्या वळणाऱ्या एका ठेंगण्या जातीची ती. पाठीवर काळीभोर झूल, डोक्याला काळी टोपी, काळी शेपूट, आणि बाकी पांढरा रंग हवा तिथे नि नको तिथे सांडलेला. गिऱ्हाईक कापड दाखवायचं विसरून आधी तिच्याशीच बोलायचं.

पण गिऱ्हाइकाची नजर वेगळी आणि या जातीच्या कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाची वेगळी. मंडळाचा नियम असा, की अंगावर पांढरा रंग निम्म्याहून जास्त नको. पांढऱ्या मेंढ्यांत पांढरं कुत्रं धनगराला दिसायचं कसं? ठिगळीचा फोटो पाहून मंडळाने कळवलं, ‘पांढरा जास्त वाटतो, परीक्षक येऊन बघतील.’ दुकान मामंजींचं, आणि त्यांनी पाच पिढ्या सांभाळलेल्या कुत्र्यांमधली ही शेवटची. हिची आई, आजी, पणजी, सगळ्या मंडळाच्या वहीत होत्या. हिचं नाव चढलं नाही तर हिच्या पिल्लांचंही चढणार नव्हतं, आणि मामंजींची सगळी मेहनत तिथेच संपणार होती. पत्र वाचून ते फक्त ‘चालायचंच’ म्हणाले, आणि त्या दिवशी एकच काज त्यांनी तीनदा उसवलं. दुकानात त्यांच्या जोडीने शिवणाऱ्या सुनेला तेवढ्यावरून कळायचं ते कळलं.

परीक्षक आले ते कडक इस्त्रीत, काखेत वही घेऊन. ठिगळीच्या लेखी तो कळपातून चुकलेला एक मेंढा. तिने पोटऱ्यांना नाक लावून त्यांना असं काही हाकललं, की दोन मिनिटांत परीक्षक कपडे घालून बघायच्या खोलीत, पडद्याआड.

“ही नेहमी असंच करते का हो?” आतून आवाज आला.

“कोणी मोकळं फिरताना दिसलं की करते,” सून म्हणाली आणि त्यांना बाहेर काढलं.

परीक्षकांनी ठिगळीला डावीकडून पाहिलं, मान हलवली. उजवीकडून पाहिलं, पुन्हा मान हलवली, पण उलट्या बाजूला. “माझ्या डोळ्याला पांढरा जास्त वाटतो,” शेवटी ते म्हणाले.

“डोळ्याला वाटतो?” सुनेने गळ्यातली टेप सरसावली. “आमच्याकडे डोळ्याने माप घेतलं तर पँट गुडघ्यावर येते. तुम्ही बसा. मी हिचं अंगभर माप काढते. काळं एकीकडे, पांढरं एकीकडे, आणि दोन्ही तोलू.”

परीक्षक माणूस नियमाचा असला तरी दुष्ट नव्हता. ते बसले. सुनेने ठिगळीच्या अंगावर पातळ कागद लपेटला, रंग जिथे बदलतो तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. ठिगळी प्रत्येक रेघेला एक बिस्किट घेत होती. मग एकेक ठिगळ जाड खाकी कागदावर उतरवून सुनेने कात्री चालवली. काळे तुकडे तीनच, पण भलेमोठे: झूल, टोपी, शेपूट. पांढरे मोजून सतरा. पाय, पोट, छाती, गळपट्टा, नाकावरची चिरी, कुठे कुठे नुसते ठिपके. शेजारचा सोनार आपला काटा घेऊन आला आणि दुकान उघडं टाकून तिथेच ठाण मांडून बसला.

एका पारड्यात काळं, एका पारड्यात पांढरं. पांढरं पारडं खाली गेलं.

“अगदी थोडक्यात गेलं हो,” सोनार पुटपुटला. परीक्षकांनी वही मिटली, आणि त्यांनाही वाईट वाटल्याचं दिसत होतं. सुनेला रडू फुटलं. आपणच शहाणपणा करून माप काढायला गेलो आणि आपल्याच हाताने मामंजींच्या कुत्रीला नापास केलं! डोळ्याच्या मापात निदान वाद तरी घालता आला असता.

मामंजी इतका वेळ कोपऱ्यात बटणं लावत होते. ते उठले, पारड्यातला एक पांढरा तुकडा उचलून उजेडात धरला, चष्मा कपाळावर नेला.

“सूनबाई, हे शिवायचंय का?”

“नाही, मामंजी.”

“मग माया कशाला सोडलीस?”

सुनेने पाहिलं. प्रत्येक तुकड्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ, आणि रेघेबाहेर बोटभर कागद. शिवणीत आत जाणारी ती जादा जागा! लग्न होऊन आली त्या वर्षी माया कमी सोडली म्हणून मामंजींनी तिचे अकरा ब्लाउज उसवायला लावले होते. तेव्हापासून तिची कात्री रेघेवरून कधी चाललीच नव्हती. तीन मोठ्या तुकड्यांना तीन कडा, आणि सतरा बारक्यांना सतरा. पांढरं जड होणार नाही तर काय!

“रेघेच्या आतलं कुत्रीचं,” मामंजी परीक्षकांना म्हणाले, “बाहेरचं माझ्या सुनेच्या सवयीचं. तेवढं काढायला हरकत?”

“मुळीच नाही,” परीक्षक म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

मामंजींनी कात्री तिच्याकडे सरकवली. “तूच काप. माझा हात हलतो आता.”

वीस तुकडे. पहिल्याला तर कात्री रेघेवर जाईना. हात आपोआप बाहेर सरके. “अगं, आत, आत,” मामंजी म्हणाले. जन्मभर ‘बाहेर, बाहेर’ म्हणणारा माणूस! सून रडता रडता हसायला लागली, आणि मग कात्री सरळ चालली.

सोनाराने पुन्हा काटा धरला. पारडी वरखाली झाली, थबकली, आणि काळं पारडं हळूच खाली बसलं. फार नाही, एका बटणाएवढं. सोनाराने “वा!” म्हणून अशी आरोळी ठोकली, की ठिगळीने त्यालाच हाकलून कोपऱ्यात नेलं.

परीक्षकांनी वही उघडली. ठिगळीचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. “मालक म्हणून आपलंच ना?” त्यांनी मामंजींना विचारलं.

“माझं कशाला? माप हिनं काढलं, कापलं हिनं. पिल्लंही हीच वाढवणार. हिचं लिहा.”

“बरं. बाई, आपलं नाव?”

सुनेने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेचना. वीस वर्षं सूनबाई, वहिनी, मास्तरीणबाई. नाव कोणी विचारलं होतं?

मामंजींनीच ते सांगितलं. पहिलं अक्षर नीट कळावं म्हणून दोनदा, मोठ्याने, वीस वर्षांत पहिल्यांदा.