हारोची हाक

माझे वडील ऑस्मंड ब्रेहॉ यांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या गर्न्सी बेटाच्या कोर्टात चाळीस वर्षं नोंदी लिहिल्या. आमच्या घरी जेवताना सूप नंतर यायचं, आधी एखादा जुना शब्द यायचा. बाबांचा सगळ्यात लाडका शब्द 'हारो'.

"'हा' ही हाक आणि 'रो' म्हणजे रोलो, नॉर्मंडीचा पहिला राज्यकर्ता," ते सांगायचे. "काही पंडित म्हणतात, नुसती मदतीची आरोळी आहे. म्हणोत बापडे. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला हाक मारायची, आणि समोरच्याने मुकाट काम थांबवायचं. जिवंत माणसाचा तरी आहे का असा दरारा?"

आमच्या बेटाचा हा जुना कायदा अजून चालतो: आपल्या जमिनीला कोणी हात लावला, तर साक्षीदारांसमोर टोपी काढून गुडघे टेकायचे, तीनदा हारो म्हणायचं आणि फ्रेंचमध्ये प्रभूची प्रार्थना पुरी करायची. मग कोर्ट ठरवेपर्यंत काम बंद. हाक खोटी निघाली तर दंड, शिवाय भर कोर्टात नाचक्की. खोट्या हाका मारणाऱ्यांचा बाबांना भारी राग.

मंगळवारी सकाळी शेजारच्या रॉबिलार्डने आमच्या घराच्या खालच्या अंगाचा मातीचा बांध खणायला घेतला. त्यावर आईने लावलेली लिली होती. आई गेल्यावर गेल्या वर्षी बाबांनीच तो बांध शेतासकट रॉबिलार्डला विकला होता, स्वतः सही करून. मी धावत बाहेर आले तेव्हा बाबा चिखलात गुडघ्यांवर होते, टोपी छातीशी.

"हारो! हारो! हारो! धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय!"

खणायचं यंत्र थांबलं. चालक खाली उतरला. रॉबिलार्डनेही टोपी काढली.

"इव्हॉन, अगं, काकांनीच तर..." तो माझ्या कानाशी म्हणाला.

"ठाऊक आहे मला. गप्प राहा."

बाबांनी प्रार्थना सुरू केली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथवर आले आणि अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथेच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहानपणी धडा विसरले की मी त्यांच्याकडे पाहायचे तसं.

पुढचे शब्द मला येत होते. त्यांनीच घोकून घेतले होते. पण मी ते दिले असते तर हाक पुरी झाली असती, आणि त्यांच्या सहीचा कागद त्यांच्याच जुन्या सोबत्यांसमोर उघडला गेला असता. मी खाली मान घालून उभी राहिले. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

बऱ्याच वेळाने बाबा माझा हात धरून उठले. गुडघ्यांचा चिखल झटकला.

"प्रार्थना अपुरी राहिली," ते रॉबिलार्डला म्हणाले, अगदी कोर्टातल्या आवाजात. "अपुरी हाक लागू होत नाही. चालू दे तुझं."

दारापाशी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुलाही नाही ना आठवली, पोरी?"

"नाही, बाबा."

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "नीट शिकवली नसणार मी तुला."