हाड जुळेपर्यंत

मुस्तफा परकाराचा उजवा हात मोडला तो शुक्रवारच्या जेवणाच्या रांगेत, साठ माणसांसमोर, आणि मोडला कोणी, तर कँपच्या भंडाऱ्याने. भात शिजवणाऱ्या माणसाने! मुकादमाची याहून मोठी बेअब्रू काय व्हायची?

सत्तावन्न साल होतं. कुवेतमधल्या मीना अल-अहमदी बंदराच्या धक्क्यावर पाइप उचलणाऱ्या टोळीचा मुस्तफा मुकादम. सहा फुटी गडी, राजापूरकडचा, आणि हाताला कायमची खाज. लोखंडी नळीचा हातभर तुकडा त्याच्याजवळ सदा असे. पाइप उचलायला उशीर झाला की नळी, पाणी प्यायला थांबला की नळी. ठेकेदाराला काम वेळेवर मिळत होतं, मग कुणाच्या पाठीवर काय उमटलंय ते बघायला कोण येणार? साठातली निम्मी माणसं रत्नागिरी-कुलाब्याची, त्याच्याच बोलीची. त्यांना तो जरा जास्तच मारी, कारण त्यांनी पुटपुटलेल्या शिव्या त्याला कळत.

त्या दिवशी चिपळूणच्या अशरफने माशाचा दुसरा तुकडा मागितला. एवढंच. मागे उभ्या मुस्तफाने नळी आडवी फिरवली ती त्याच्या तोंडावर बसली. दोन दात ताटातल्या भातात पडले. अशरफ गुडघ्यांवर बसला, तरी मुस्तफाने नळी पुन्हा वर केली.

भंडारी यूनुस टोपामागून बाहेर आला. पन्नाशीला टेकलेला, किडकिडीत, बोलणं कमी. त्याने डाव खाली ठेवला, लुंगीला हात पुसले आणि म्हणाला, "मुकादम, पुरे."

जहाजावर उमेदवारी केलेल्या कोकण्याला एक गोष्ट पहिल्याच फेरीत शिकवतात. सारंगाशी भांड, टांडेलाशी भांड, पण भंडाऱ्यावर हात उगारू नको. तुझं पोट त्याच्या हातात असतं. मुस्तफा कधी जहाजावर नव्हता. त्याने नळी यूनुसच्या डोक्यावर हाणली.

पुढे काय झालं ते साठ जणांनी साठ तऱ्हांनी सांगितलं. यूनुस मागे सरला नाही, उलट मिठी मारायला जावं तसा आत शिरला, मनगट धरलं, खांदा वळवला. वाळलेलं सरपण मोडताना होतो तसा आवाज झाला. मनगटाच्या वर हात वाकायला नको तिथे वाकला होता आणि कातडीखाली हाडाचं टोक दिसत होतं. मुस्तफा वाळूत पडून बोंबलत होता, आणि खोटं कशाला सांगा, ते ऐकून पुष्कळांना बरं वाटलं.

यूनुस त्याच्याजवळ उकिडवा बसला. "दवाखान्यात जातंस, का मी बसवू?"

दवाखाना म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे ठेकेदार पुढच्या मुंबईच्या बोटीत घालणार. घरी जायचं मुस्तफाला भय नव्हतं. पण मोडका हात घेऊन, भंडाऱ्याचा मार खाऊन राजापुरात उतरायचं? "बसव," तो दातओठ खात म्हणाला. यूनुसने त्याच्या काखेत पाय रोवला आणि हात ओढला. मुस्तफा शुद्धीवर आला तेव्हा तो स्वयंपाकाच्या शेडमागच्या खोलीत होता आणि हाताला खोक्याच्या फळ्या बांधल्या होत्या. ठेकेदाराला कळवलं गेलं की मुकादम शिडीवरून पडला.

संध्याकाळी यूनुस ताट घेऊन आला. भात कालवला, घास केला आणि मुस्तफाच्या तोंडाशी नेला. मुस्तफा त्याच्या तोंडावर थुंकला. यूनुसने पंच्याने तोंड पुसलं आणि पुन्हा घास केला.

"चाळीस दिस भरवायचाय तुना. थुंकतंस तर थुंक, घास काय चुकणार नाय."

"माझा डावा हात हाय."

"तुजा हाय. पण उजवा मोडलाय मी."

मग त्याने सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी तो जहाजावर कामाला होता; ते चीनच्या हँकाव बंदरात असताना त्याला ताप भरला. तिकडे जपान्यांचे बाँब पडायला लागले आणि जहाज त्याला धक्क्यावर टाकून निघून गेलं. एका नावाड्याने त्याला नदीने वर, डोंगरात नेऊन सोडलं. तिथे ताओपंथी साधूंची शाळा होती. केसांचा बुचडा बांधणारे म्हातारे, देवळामागे फरसबंद अंगण आणि त्यात चाळीस पोरं एकमेकांना हाणताहेत. यूनुस तिथे सात वर्षं राहिला. ते मांसमच्छी खात नसत, म्हणून हरामाचा प्रश्न आला नाही. नमाज तो लाकडं ठेवायच्या खोपटात पढे. पहाटे उदबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत गुडघे वाकवून उभं राहायचं. पाय थरथरले की पोटरीवर वेत. दुपारी तापल्या वाळूत बोटं खुपसायची. संध्याकाळी जोडीची झुंज, तेव्हा रोज कुणाचं तरी नाक फुटायचं.

"मग त्यांचा एक कायदा," यूनुस म्हणाला. "ज्याने मोडलान, त्यानेच बसवायचा. त्यानेच भरवायचा, त्यानेच धुवायचा, हाड जुळेपर्यंत. आणि फळ्या सुटल्या की त्याच हाताने एक फटका मारायचा, मोडणाऱ्याला. तो हात खाली सोडून उभा राहतो."

मुस्तफा उठून बसला. "एक फटका? कुठंही?"

"कुठंही."

त्या दिवसापासून मुस्तफा मुकाट जेवायला लागला. वैर पोसायचं तर पोट रिकामं ठेवून भागत नाही. डाव्या हाताचा हट्टही सोडला. म्हातारा भरवतोय तर भरवू दे, एकेक घास त्याच्याच अंगावर उलटेल. पडल्या पडल्या तो जागा निवडू लागला. गळ्यावर? कानशिलावर?

दहाव्या दिवशी भर दुपारी तोझ सुटलं. वाळूच्या त्या वादळात धक्क्यावरचं काम थांबलं आणि माणसं कँपावर मोकळी सुटली. अशरफ खोलीच्या दाराशी आला. हातात मुस्तफाचीच नळी, मागे तिघे. मुस्तफाच्या तोंडचं पाणी पळालं. एका हाताने चौघांना आवरणं शक्य नव्हतं, आणि दया मागावी असं त्याने कुणाचं काही भलं केलं नव्हतं.

यूनुस दारात आडवा झाला. "हाड जुळेपर्यंत हा माजा. मग बघा."

"चाचा, बाजूला व्हा. माजे दात गेले."

"ठाव हाय. तरी नाय."

दोघे अंगावर आले, त्यांना यूनुसने असं काही वळवलं की ते एकमेकांवर आपटून बाहेर वाळूत पडले. तिसरा आलाच नाही. अशरफने मात्र डोळे मिटून नळी हाणली. पहिला घाव यूनुसच्या खांद्यावर बसला, दुसरा डाव्या बरगड्यांवर, आणि तो मुस्तफाला आतपर्यंत ऐकू आला. यूनुसने अशरफचं मनगट धरलं. साठ जणांनी पाहिलेली तीच पकड. अशरफ पांढराफटक पडला.

"तुजा मोडला तर दोघांना भरवावा लागेल," यूनुस धापा टाकत म्हणाला. "मना तेवढी फुरसत नाय." आणि मनगट सोडलं.

अशरफ नळी टाकून हमसून रडला आणि निघून गेला. यूनुसने दाराबाहेर रक्त थुंकलं, बरगडीवर हात दाबला आणि डाळ करपेल म्हणून चुलीकडे गेला.

मुस्तफाला हे मुळीच आवडलं नाही. वाचवणाऱ्याचा राग येतो तो फार वाईट राग असतो. आपण किती घाबरलो होतो ते त्या एकाच माणसाला ठाऊक असतं. आता जागा निवडायची गरज उरली नाही. डावीकडची, वरून चौथी बरगडी.

तिसाव्या दिवसापासून यूनुसने त्याला उजव्या बोटांनी परातीत कणीक मळायला लावली. बोटांत हळूहळू जोर आला. मळता मळता मुस्तफाने विचारलं, "एवढी शाळा, मग सोडलंस कशाला?"

यूनुस चुलीतली लाकडं सारत होता. "चेन नावाचा सोबती होता. माज्या नमाजेची नक्कल केलान. झुंजीत नाय, रागात त्याचा गुडघा फोडला मी. मग भरवीत होतो. अकरा दिस भरवला. तेवढ्यात नदीने खाली जाणारी होडी मिळाली. घर आठवला, पळालो. पुढं हँकावात डोंगरातला एक जण भेटला. म्हणाला, पाय सडला, पोरगा गेला." त्याने लाकूड आत ढकललं. "एकोणतीस दिस ऱ्हायले माजे."

मुस्तफा कणीक मळत राहिला.

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी, काम सुटल्यावर, बोलावणं नसताना साठ माणसं अंगणात जमली. यूनुसने फळ्या सोडल्या. हात बारीक, पांढरा, सोललेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा निघाला. मुस्तफाने मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. यूनुस चार पावलं मागे गेला आणि हात खाली सोडून उभा राहिला.

"मार."

"सोड ना मुकादम, माफ कर," मागून कोणीतरी म्हणालं.

तुम्हालाही वाटेल, आता हा रडेल आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात पडेल. मुस्तफा त्या जातीचा नव्हता. चाळीस दिवस गिळलेला एकेक घास त्याने मुठीत आणला आणि सगळं अंग टाकून डाव्या बरगडीवर ठोसा हाणला. तोच वाळलेल्या सरपणाचा आवाज झाला. यूनुस गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. ओठांवर लाल फेस आला.

मुस्तफाला जे सुख हवं होतं ते मिळालं, आणि ते एका श्वासापुरतं टिकलं. ती बरगडी तिथे तडकलेली होती, कारण तो घाव त्याच्यासाठी आलेला होता. हे त्याला मारण्याआधीही ठाऊक होतं. आता ते साठ माणसांसमोर जमिनीवर पडलं होतं, आणि त्याला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटली, म्हणून तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

गर्दी सरकली. अशरफच्या हातात नळी होती, आणि या खेपेला त्याच्यामागे तिघे नव्हते, सगळेच होते. मुस्तफाने हात वर केला नाही. नळी त्याच्या डोक्याच्या दिशेने उठली.

"अशरफ," यूनुस जमिनीवरून म्हणाला. "त्याला मारू नको."

"का पण, चाचा?"

"मना भरवील कोण?"

यूनुसने कष्टाने मान वळवून मुस्तफाकडे पाहिलं. "हाड नीट जुळलंय तुजं," तो म्हणाला.

अशरफने नळी खाली टाकली आणि तो थुंकून बाजूला झाला. दवाखान्याचं नाव काढताच यूनुसने मान हलवली; त्यालाही बोटीत बसायचं नव्हतं. मुस्तफाने त्याला उचलून खोलीत नेलं, आपल्याच अंथरुणावर निजवलं आणि स्वतःच्या हाताच्या पट्ट्या त्याच्या छातीभोवती आवळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा ट्रक आला. मुकादम आज धक्क्यावर आला नाही तर दुसरा नेमू, असा निरोप होता. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. मुस्तफा चुलीपुढे बसला होता. लाकूड पेट घेत नव्हतं आणि फुंकणी कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं. त्याने अंगणात पडलेली नळी आणली, तिचं एक टोक निखाऱ्यात घातलं, दुसरं तोंडाला लावलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकत राहिला. ट्रक निघून गेला.

भात झाला. उजव्या हाताने त्याने घास केला. तो यूनुसच्या तोंडाशी नेला. यूनुसने घास चावायला बराच वेळ घेतला.

"करपलाय," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड उघडलं.