बेवारस झाडं

साताऱ्याहून सांगलीकडं जाताना कृष्णाकाठी तळवड लागतं. त्याला गाव म्हटलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही. नगरपालिका झाल्यापासून ते शहर आहे. शहराला सहकार उद्यान नावाची एक बाग आहे आणि त्या बागेत सुलाबाई एकोणीस वर्षं झाडांना पाणी घालत होती.

सुलाबाई आटपाडीकडची. सासरी पूर्वी मेंढरं, अलीकडं डाळिंब. चार वर्षांपूर्वी दिराच्या बागेत खोडकिडा शिरला, तेव्हा ती रजा टाकून गेली होती. दोन एकर उभी झाडं त्या सगळ्यांनी आपल्याच हातानं उपटून बांधावर जाळली. त्या धुराचा वास तिच्या नाकातून महिनाभर गेला नव्हता.

म्हणून माघात एका सकाळी तिसऱ्या गुलमोहराखाली झाडू मारताना बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसला, तशी ती जागच्या जागी थांबली. खोडावर टाचणीएवढी भोकं होती. तिनं फाटकावरच्या नाथाजींना हाक मारली. नाथाजी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता बागेचा पहारा करत होते.

"वाळवी असंल," नाथाजी म्हणाले.

"वाळवी मातीतनं चढती, हवालदार. ह्यो भोक पाडून आत शिरतो. वरनं झाड पलटणीवानी ताठ उभं, आन् आतनं पोकळ."

"पलटणीचं नाव घेऊ नगंस. नगरपालिकेवानी म्हण."

दोघं मिळून उद्यान अधीक्षक संयोगिता मॅडमांकडं गेले. मॅडम शेतकी पदवीधर, वयानं लहान, आणि लिहिलेलं कुणीतरी वाचतं यावर अजून विश्वास असलेल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कृषी महाविद्यालयातले तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी खोडं तासून पाहिली आणि तीन ओळी लिहून दिल्या. परदेशातून आलेला भुंगेरा आहे. अकराही गुलमोहर पन्नाशीचे, थकलेले आणि पोखरलेले. पावसाळ्याआधी काढा आणि लाकूड जागेवरच जाळा. त्या जागी वेगवेगळ्या जातींची देशी झाडं लावा, बाकीची झाडं निरोगी आहेत, ती जपा.

तीन ओळींचा अहवाल बघून नगरपालिकेत कुणाला खरंच वाटेना. एवढा मोठा आजार आणि अहवालाला साधं कव्हरसुद्धा नाही.

तरीही सभा बसली. नगराध्यक्ष वीरधवल यांनी अहवाल मोठ्यानं वाचला आणि 'अकरा गुलमोहर' या शब्दांपाशी त्यांचा आवाज खाली आला. कारण त्या प्रत्येक गुलमोहरापुढं लोखंडी स्टँडवर संगमरवरी पाटी होती. पन्नास वर्षांपूर्वी बाग झाली तेव्हा तळवडमधल्या अकरा मोठ्या माणसांनी ती झाडं लावली होती आणि त्या अकरा जणांचीच नातवंडं आता सभागृहात बसली होती. पहिलं झाड वीरधवलांच्या आजोबांचं, म्हणजे आबांचं.

"आबांच्या झाडावर कुऱ्हाड?" वीरधवल म्हणाले. "लोक मला तोंड दाखवू देतील?"

"आमच्या दादांचं झाड तर लय मजबूत हाय," दुसरा म्हणाला. त्याच झाडाची फांदी आदल्याच आठवड्यात आइसक्रीमच्या गाडीवर पडली होती.

संयोगिता मॅडम उठल्या. "झाडं आतून मेलीत, साहेब. कीड बाकीच्या झाडांत जाईल."

"बरोबर हाय तुमचं," वीरधवल म्हणाले. "अकरा झाडं बदलायची तर बदलू. अकराच बदलू. पण ज्यांना मागंपुढं कुणी हाय, ती कशाला? बागेत बेवारस झाडं बी हायती की."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पाटी नसलेली चिंच, कडुनिंब आणि करंज मिळून बागेत नेमकी अकराच झाडं होती, तीच निवडण्यात आली. ही झाडं बाग होण्याआधीपासून तिथं उभी होती, त्यामुळं ती कुणी लावली याची कुठंच नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस डबा घेऊन आला आणि धडधाकट बुंध्यांवर लाल फुल्या मारून गेला.

सुलाबाई फुली मारलेल्या चिंचेखाली बसून राहिली. नाथाजींनी चहा आणून दिला, तो तिनं तसाच गार होऊ दिला.

"मेलेलं ठेवायचं आन् जितं मारायचं," ती म्हणाली. "ह्यास्नी दिराच्या डाळिंबात न्हेऊन हुबं करायला पायजे हुतं."

चार दिवसांनी वरून आणखी एक आदेश आला. पुढच्या आठवड्यात बागेचा सुवर्णमहोत्सव. बाग स्वच्छ करावी, अकराही पाट्या काढून धुवाव्यात, अक्षरं नव्यानं रंगवावीत आणि सर्व झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारावेत. आदेश वाचून सुलाबाईनं नाथाजींकडं बघितलं. नाथाजींनी गेरूच्या डब्याकडं बघितलं.

मंगळवारी बाग बंद असते. त्या दिवशी ऐन दुपारी दोघांनी अकरा स्टँड उपटले, पाट्या घासल्या, अक्षरं काळी केली आणि स्टँड पुन्हा रोवले. फक्त ते चिंचा, कडुनिंब आणि करंजांपुढं रोवले. लाल फुल्यांवर गेरूचा जाड पट्टा बसला. आबांची पाटी सगळ्यात जुन्या चिंचेपुढं गेली. संयोगिता मॅडम फेरीला आल्या, तेव्हा शेवटची पाटी ठोकणं चालू होतं.

"सुलाबाई, हे तुम्ही काय करताय?"

"पाट्या धुतोय, मॅडम. आदेश हाय."

मॅडमनी हातातला कागद दोनदा वाचला. "धुऊन कुठं लावायच्या ते लिहायचं राहिलंय खरं," त्या म्हणाल्या आणि ऑफिसात निघून गेल्या.

महोत्सवाला मांडव पडला आणि अकरा घराणी हार घेऊन आली. वीरधवलांनी चिंचेच्या बुंध्याला हार घातला, डोळे पुसले, आणि फोटो नीट यावा म्हणून आणखी एकदा पुसले.

"काय डेरा हाय!" ते म्हणाले. "आबांचा हातच तसा होता."

त्यांच्या आई शालूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, पण नजर साफ.

"वीरू, मामंजींनी तांबड्या फुलाचं झाड लावलं हुतं रं. मी हुते की हितं. ही तर चिंच हाय."

मांडवातल्या माना चिंचेकडं वळल्या. एकोणीस वर्षांची नोकरी आता गेली, एवढंच सुलाबाईच्या मनात आलं. तेवढ्यात नाथाजी टाचा जुळवून पुढं झाले.

"आईसाब, पन्नास वर्सं झाली. एवढ्यात मान्सं तीन-तीन पार्ट्या बदलत्यात. झाडानं एकदा बदललं तर काय बिघडलं?"

वीरधवल अडीच वर्षांत तिसऱ्या पक्षात होते. ते सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि मग मांडव हसला. शालूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुलाबाईकडं टक लावून बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चिंच बरी. आमटीला तरी येती."

पंधरा दिवसांनी तोडीची माणसं आली. ठरावात लिहिलं होतं, 'पाटी नसलेली अकरा झाडं'. त्यांनी पाटी नसलेली अकरा झाडं शोधली आणि करवती चालू केल्या. पहिला गुलमोहर पडला तेव्हा त्याच्या पोटात नुसता काळा भुसा निघाला. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं, तरी सुलाबाई पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडली. एकोणीस उन्हाळे तिनं त्यांना जगवलं होतं आणि दर वैशाखात त्यांच्या लाल सड्यावर झाडू मारणं तिच्या जिवावर यायचं.

मग ती तोंड धुऊन आली आणि लाकूड जागेवरच जाळायचं म्हणून आडवी उभी राहिली. पण वीरधवल स्वतः दोन ट्रॅक्टर घेऊन आधीच फाटकात उभे होते. त्यांच्या शेतघराला कुंपण करायचं होतं, हुरडा पार्टीला जळण हवं होतं.

"सायेब, त्यात किडा हाय. तुमच्या आंब्यात जाईल," ती म्हणाली.

"सुलाबाई, झाड मेलं म्हंजे किडा बी मेला. एवढं तर मला कळतं."

"न्हाई मरत, सायेब. आमच्यात दोन एकर गेलं."

"तुमच्यात पाणी कमी," वीरधवल म्हणाले आणि लाकूड भरून ट्रॅक्टर सुटले. उरलेलं लाकूड सुलाबाईनं आणि नाथाजींनी संध्याकाळपर्यंत जाळलं.

त्या पावसाळ्यात संयोगिता मॅडमनी पळस, बहावा, अर्जुन, ताम्हण अशी अकरा रोपं लावली. नऊ जगली. एक शेळीनं खाल्लं आणि एकावर सेल्फी काढताना कुणीतरी बसलं.

वीरधवलांच्या आंब्याला दिवाळीनंतर भोकं पडली. होळीपर्यंत साठ झाडं वाळली. त्यांनी ती काढली, जाळली, आणि जाळताना व्हिडिओ केला. तो लय फिरला. उन्हाळ्यात सांगलीच्या एका कृषी प्रदर्शनात त्यांना 'खोडकिडा नियंत्रणातील प्रयोगशील शेतकरी' म्हणून फेटा बांधला. भाषणात ते म्हणाले की लाकूड ताबडतोब जाळलं पाहिजे, ही गोष्ट त्यांना स्वतःच्या अनुभवातून सुचली.

मंचाच्या कडेनं सदाफुलीच्या कुंड्या मांडायला पालिकेनं सुलाबाईला पाठवलं होतं. भाषण संपल्यावर माणसं टाळ्या वाजवत होती, तेव्हा ती एका कुंडीतलं पिवळं पडलेलं पान खुडत होती. मग कुंड्या टेम्पोत चढवून, पाच वाजताची एसटी धरून ती तळवडला परत आली.