कोटाची बाही

मित्रांनो, मी कापड कापायची जुनी कात्री आहे. एका लोहाराने मला घडवले. माझी पाती त्याने इतकी जुळवून बसवली की तलम रेशमातूनही मी न अडखळता जाई. तिथून मी आले ती एका शिंप्याच्या दुकानात, आणि आजही तिथेच आहे.

दुकान दोघा भावांचे. थोरला मापे घेई, खडूने रेघा आखी आणि मला चालवी. धाकटा मशीनवर शिवी. एकदा घेतलेले माप थोरल्याला वही न उघडता आठवे. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही." तेव्हा मीही मनातल्या मनात फुलून येई. सव्वीस वर्षे आम्ही असे काम केले.

मग थोरल्याची झोप बिघडली. झोप येत नव्हती असे नव्हे. तो आठ-आठ तास घोरे. पण सकाळी दुकानात येई तो रात्रभर ओझी वाहिल्यासारखा. दुपारी खुर्चीत डोळा लागला की घोरता घोरता त्याचा श्वासच थांबे. मी टेबलावरून पाहत राही. मग गुदमरून तो दचके आणि काही झालेच नाही असे दाखवी.

हळूहळू मापे चुकू लागली. खडू हातात धरून तो विचारी, "मी आत्ता काय म्हणत होतो रे?" आणि कपडा बिघडला की धाकट्यावर खेकसे, "शिवण जास्त दाबलीस तू!" मी तर खडूच्या रेघेवरूनच चालले होते. रेघच चुकली होती. पण कात्रीला कोण विचारतो?

एके दिवशी एक तरुण मुलगी आली. तिचे वडील नुकतेच गेले होते. त्यांचा कोट तिला स्वतःच्या मापाचा करून हवा होता.

"जपून करा हं, मास्तर. त्यांचं एवढंच आहे माझ्याकडे."

आठवड्याने तिने कोट अंगात घातला. बाह्या मनगटाच्या दोन इंच वर आल्या होत्या. तिने आरशासमोर त्या खाली ओढून पाहिल्या.

थोरला घाईने म्हणाला, "ह्याच्यामुळे झालं. कामात लक्षच नसतं ह्याचं."

धाकट्याने खोक्यातले उरलेले तुकडे पाहिले. सगळे त्याच्या ध्यानात आले. तरी मुलीची माफी त्यानेच मागितली. मग मशीन झाकून तो निघून गेला, तो परत आला नाही.

पुढे गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच थोरला पेंगला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेले. तपासणीत कळले, झोपेत त्याचा श्वास रात्रीतून शेकडो वेळा अडकत होता. मेंदूला विसावा असा मिळतच नव्हता. रात्री नाकाला लावायचे यंत्र मिळाले आणि दोन महिन्यांत त्याचे डोके निवळले. मग एका सकाळी त्याने मापांची वही उघडली. त्या मुलीच्या कोटाची बाही तेवीस इंच, त्याच्याच अक्षरात. त्याने खोक्यातले ते उरलेले तुकडे काढून टेप लावला. चूक शिवणीची नव्हती. कापच दोन इंच आत होता.

मला कापडात गुंडाळून तो धाकट्याच्या घरी गेला. धाकटा आता एका कारखान्यात दिवसभर कॉलरी शिवत असे.

"चूक माझी होती. माझं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं रे."

"मला माहीत होतं, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर तुझी लाज काढू?"

थोरल्याने मला पुढे केले. "ही तू घे. तू काप, मी मशीनवर बसतो."

धाकट्याने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मला पुन्हा गुंडाळले. "नको. आजारी होतास, कळलं मला. पण आता तुझ्या शेजारी बसून शिवणं माझ्याच्यानं होणार नाही." मग त्याने चहा टाकला. दोघांनी तो प्यायला आणि थोरला मला घेऊन दुकानात परतला.

आता थोरला एकटाच कापतो, एकटाच शिवतो. मापे पुन्हा बिनचूक येतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी भरपूर झोपूनही दमलेले उठत असेल, बोलता बोलता विसरत असेल, उगाच चिडत असेल, तर आधी त्याच्या झोपेची चौकशी करा. डॉक्टरांकडे लवकर न्या. आमच्याकडे ती चौकशी वेळेवर कोणी केली नाही. मी रोज पाहत होते, पण मी पडले लोखंडाची; मला फक्त कापता येते.