मागच्या बाकावरून

शिवलीलाचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली, तरी आदिनाथ सरांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांची ही जुनी विद्यार्थिनी आता सांगोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत होती. "सर, एकदा तुमच्या तासाला मागं बसू का? शिकवायचं कसं ते बघायचंय," एवढंच तिनं विचारलं होतं. सर घाबरले. पोरगी येणार, मागं बसणार आणि सरांना शिकवता येत नाही, हे तिला कळणार! जन्मभर मनात पोसलेली शंका एका तासात खरी ठरली असती. पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश उघडायचं सोडून दिलं.

यंदा त्यांचं निवृत्तीचं वर्ष. त्यातच तपासणीला समिती येणार म्हणून प्राचार्यांनी फर्मान काढलं: प्राध्यापकांनी एकमेकांच्या तासाला बसून एकमेकांकडून शिकावं. म्हणजे सरांच्या तासाला आता कुणीतरी मागं बसणारच! पण जाण्याआधी कुणीतरी एकदा खरं सांगावं, असंही वाटून गेलं.

कॉलेजात शिकणं जोरात सुरू झालं. आधी, तास घेणाऱ्याकडून, मागं बसणाऱ्या निरीक्षकाचा सोलापुरी टॉवेल आणि गुलाब देऊन सत्कार. फोटो हलला म्हणून पुन्हा सत्कार. उरलेल्या वेळात तास. बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून निवडक पोरांचा एकच वर्ग जमवला होता; तोच सगळ्यांच्या तासाला बसवत.

अर्थशास्त्राच्या हिंदुराव सरांच्या तासाला आदिनाथ सर, सत्काराचा टॉवेल मांडीवर घेऊन, शेवटच्या बाकावर बसले.

"भाव वाढले की मागणी..." एवढं हिंदुरावांच्या तोंडून निघतंय तोच पुढची मुलगी उठली. "कमी होते, सर!"

"हुशार आहे," आदिनाथ सर शेजारच्या ऋतुजाला कुजबुजले.

"कसली हुशार, सर! कालच्या तालमीत ते उत्तर माझ्याकडं हुतं. आज मला शंका दिलीय."

तिनं वेळेवर शंका विचारली. हिंदुरावांना फारच आनंद झाला.

सरांना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. पुढच्या डोक्यांआड फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसतच नव्हता. आणि ते स्वतः याच फळ्यावर वर सनावळ्या लिहीत, खाली कारणं.

"ऋतुजा, माझ्या तासाला खालचं दिसतं का गं?"

"न्हाय, सर. मागच्यांना नुसत्या सनावळ्याच येत्यात की."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक हिंदुराव होते. ते सांगतात का बघू, म्हणून सरांनी मुद्दाम सगळी कारणं खालीच लिहिली. हिंदुराव मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

"काही चुकलं का, सर?"

"चुकतंय काय? 'उत्कृष्ट' लिहिलंय की."

"फळ्यावरचं खालचं दिसलं?"

"अहो आदिनाथराव, मी फळा बघायला आलो व्हतो का? तुमी माझं काय लिहिलंय ते सांगा."

"मागून अर्धा फळा दिसत नाही, आणि उत्तरं पाठ करून घेतलीत."

हिंदुरावांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं एका टेबलावर चहा पितोय आपण! खोडा ते."

"नाही खोडणार," सर म्हणाले आणि स्वतःच दचकले.

संध्याकाळी हिंदुरावांनी शिपायाला पाठवून सत्काराचा टॉवेल तेवढा परत मागवला.

घरी येऊन सरांनी शब्दकोश उघडला.

"चि. शिवलीला, उत्तराला फार उशीर झाला. मी निवृत्त होण्याआधी ये. शेवटच्या बाकावर बस आणि काय काय दिसलं नाही, ते सांग. माझी भीड धरू नकोस. सत्कार होणार नाही."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्यांनी पाकीट हातभर लांब धरलं, खालचा पत्ता वाचता येतोय ना ते बघितलं, आणि मग आत टाकलं.